चिकट झालेला अंकल स्क्रूज

दूरदर्शनवर 'डकटेल्स' लागायचं, त्या काळातला दादाचा अंकल स्क्रूज आमच्या कोनच्या घरी आहे. मऊ प्लास्टिकचा, बोटभर उंचीचा. पावसाळ्यात कपाटाला ओल येते, म्हणून मीच तो पॉलिथिनच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवला होता. यंदा उघडून बघतो तर अंगभर चिकट, आणि पिशवी आतून तेलकट!

मला वाटलं, ओल लागली. पण कारण वेगळं होतं. अशी मऊ खेळणी बहुतेकदा पीव्हीसीची असतात. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ व्हावं म्हणून त्यात डीईएचपीसारखा प्लास्टिसायझर मिसळतात. तो पीव्हीसीला रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, त्यामुळे वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर येत राहतो.

मग खेळणं उघड्यावर ठेवायचं का? डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या इव्हॉन शाशुआ यांनी २००१ च्या पीएचडीत जुन्या मऊ पीव्हीसीचा ऱ्हास कसा रोखायचा, हेच तपासलं. काचेच्या बंद भांड्यात ऱ्हास मंदावला, पॉलिथिनच्या पिशवीत उलट वाढला. काच प्लास्टिसायझर शोषत नाही, त्यामुळे आतली हवा त्याच्या वाफेने भरते आणि आणखी बाहेर पडणं मंदावतं. पॉलिथिन मात्र तो शोषतच राहतं.

संशोधनाचा विषय शोधताय ना? मग हे लक्षात ठेवा. 'बंद की उघडं?' हा माझा प्रश्नच अर्धवट होता. 'कशात बंद?' हे विचारायला हवं होतं.

स्क्रूज आता काचेच्या बरणीत आहे. गेलेला मऊपणा परत येणार नाही, पण उरलेला टिकेल.