मालदांडी अजून शेतात का?

जास्त उत्पन्न देणारे बियाणे बाजारात मिळत असताना शेतकरी जुनेच वाण का पेरतो, असा प्रश्न शहरात नेहमी विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयारच असते: जुन्या चालीचा पगडा, नवे शिकण्याची नाखुशी. पण सोलापूर जिल्ह्यातल्या याच शेतकऱ्याने द्राक्ष, डाळिंब, ठिबक सिंचन हे सारे पाहता पाहता आपलेसे केले. बागेत तो नवी जात लावतो आणि बांधापलीकडच्या कोरडवाहू रानात मात्र आजोबांच्या काळातली मालदांडी ज्वारी पेरतो. म्हणजे हा प्रश्न हट्टाचा नाही, हिशेबाचा आहे. तो हिशेब आज मांडून पाहू.

मालदांडी ही या भागातली मूळची रब्बी ज्वारी. 1930 च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर या स्थानिक ज्वारीतून निवड करून ‘मालदांडी 35-1’ हे वाण तयार झाले. पुढे 1964 मध्ये देशातला ज्वारीचा पहिला संकरित वाण आला आणि खरिपाचे चित्र बदलले. ‘हायब्रीड’ हा शब्द खेड्यापाड्यांत रुळला तो तेव्हापासून. रब्बीसाठीही संकरित वाण निघाले, पण रब्बीच्या रानातून मालदांडी हलली नाही.

याचे पहिले कारण पाणी. रब्बी ज्वारीचे सारे गणित जमिनीतल्या ओलीवर चालते. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात पावसाळाभर पीक घेत नाहीत. कुळवाच्या पाळ्या देऊन ओल मुरवतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरणी करतात. त्यानंतर पावसाची खात्री नसते. चार महिने पिकाने त्या साठवलेल्या ओलीवरच तगायचे. जमीन भेगाळू लागली, की कोळपणी करून भेगा बुजवायच्या. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे शेतकरी म्हणतात ते उगाच नाही. अशा ठिकाणी भरपूर खतपाण्यावर जोमाने वाढणारे वाण चांगल्या वर्षी बाजी मारील, पण वाईट वर्षी हात दाखवील. मालदांडी चांगल्या वर्षी फार देत नसेल, पण वाईट वर्षीही सहसा रिकाम्या हाताने पाठवत नाही. ज्याच्या घरात दुसरी मिळकत नाही, त्याला चांगल्या वर्षाच्या नफ्यापेक्षा वाईट वर्षाची धास्ती मोठी असते. शिवाय कोवळ्या रोपाचा पोंगा वाळवून टाकणाऱ्या खोडमाशीपुढे अनेक संकरित वाणांपेक्षा ती अधिक टिकाव धरते. फवारणीचा खर्च न झेपणाऱ्याला हेही मोलाचे.

दुसरे कारण कडबा. आपण शहरातली माणसे पिकाकडे पाहतो तेव्हा फक्त दाणे पाहतो. शेतकरी अख्खे ताट पाहतो. मालदांडी पुरुषभर उंच वाढते आणि तिचा कडबा जनावरे आवडीने खातात. ज्वारी उपटायची, कणसे खुडायची, पेंढ्या बांधायच्या आणि गंज रचायची. ती गंज म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंतची बेगमी. दुष्काळी भागात बैल आणि दुभती जनावरे तिच्यावर जगतात. पाऊस हुकला, की कडब्याचा शेकडा असा महागतो, की दाण्यापेक्षा वैरणीचीच चर्चा जास्त होते. बुटक्या वाणाने दाणे चार पोती जास्त दिले, पण वैरण विकत घ्यावी लागली, तर फायदा कुठे राहिला?

तिसरे कारण भाकरी. टपोरा, मोत्यासारखा पांढरा दाणा, पीठ चिकट, भाकरी मऊ आणि गोडसर. खरिपातल्या संकरित ज्वारीचे दाणे भरतात तेव्हा पाऊस चालू असतो. कणसावर बुरशी चढते, दाणा काळा पडतो. म्हणून ती ज्वारी पुष्कळदा पशुखाद्याकडे आणि मद्यार्काकडे वळते. रब्बीचा दाणा कोरड्या हवेत पिकतो, म्हणून बाजारात भाव खातो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

आणि शेवटचे कारण बियाणे. चांगली कणसे निवडून बाजूला ठेवली, की पुढच्या वर्षाची सोय घरातच होते. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते.

म्हणजे शेतकरी नव्याला नाही म्हणतो असे नव्हे. ‘परभणी मोती’, ‘फुले वसुधा’ अशी रब्बीची सुधारित वाणे त्याने स्वीकारली, कारण त्यांत दाण्याबरोबर कडबा आणि भाकरीचाही विचार होता. त्याचा हिशेब ज्यांनी ऐकला, त्यांचे त्याने ऐकले.

तरीही आज मालदांडीचे रान आक्रसत आहे. पाणी पोहोचले तिथे ऊस आला. उपटणी-काढणीचे काम अंग मोडणारे. त्याला मजूर मिळत नाहीत, आणि मिळाले तरी मजुरी परवडत नाही. सरकार हमीभाव जाहीर करताना मालदांडीचे नाव वेगळे घेते खरे, पण 2025-26 साठी संकरित ज्वारीला क्विंटलला 3,699 रुपये आणि मालदांडीला 3,749 रुपये. फरक अवघा पन्नास रुपयांचा! शिवाय हमीभाव असतो तो दाण्याला. कडब्याला कसलीच हमी नाही.

वाण बियाण्यांच्या पेढीत जपता येते, आणि ते जपलेही पाहिजे. पण कोणत्या रानात किती ओलीवर पेरावे, कोळपे कधी धरावे, कोणते कणीस बियाण्याला ठेवावे, हे ज्ञान पेढीत मावत नाही. ते पेरणाऱ्याच्या हातात असते, आणि पेरणी थांबली की एका पिढीत विसरते. शेतकऱ्याने आजवर मालदांडी राखली ती तिच्यावर उपकार म्हणून नव्हे, ती परवडत होती म्हणून. तेव्हा तिने रानात राहावे असे आपल्याला वाटत असेल, तर तिचे गोडवे गाण्याआधी तिचा भाव आणि काढणीची मजुरी यांचा मेळ कसा बसेल, ते पाहायला हवे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)