लेथचा जीर्णोद्धार : झीज नेमकी कोठे आणि दुरुस्ती कशाची

लेथ, मिलिंग, शेपर, ड्रिल यांसारख्या, धातूला आकार देणाऱ्या यंत्रांचा एक गुण इतर यंत्रांत क्वचितच आढळतो : स्वतःच्या दुरुस्तीला लागणारे बरेचसे सुटे भाग ती स्वतःच घडवू शकतात. ओतीव लोखंडाच्या जाड अंगामुळे त्यांचे आयुष्य मोठे असते आणि एखाद्या कारखान्याने मोडीत काढलेले यंत्रही योग्य हाती पडल्यास पुन्हा अनेक वर्षे काम देते. घरगुती कार्यशाळेत अशा यंत्राचा जीर्णोद्धार करणाऱ्यांची परंपरा ब्रिटनमध्ये विशेष रुजली. मात्र जीर्णोद्धार या नावाखाली जे केले जाते, त्यातले बरेच काम रंगकामाच्या पुढे जात नाही. यंत्राची अचूकता ज्या दोन-चार पृष्ठभागांवर अवलंबून असते, ते ओळखणे आणि त्यांची झीज मोजून मगच हत्यार उचलणे, हा या कामाचा खरा गाभा आहे.

वाफेची इंजिने, आगगाड्या, जहाजे यांच्या चालत्या प्रतिकृती घरी घडवण्याच्या छंदाला ब्रिटनमध्ये ‘मॉडेल इंजिनिअरिंग’ म्हणतात. या छंदाला वाहिलेले ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये सुरू केले, आणि यंत्रांत सुधारणा करण्याच्या असंख्य युक्त्या त्याच्या पानांतून वाचकांपर्यंत पोहोचल्या. या छंदिष्टांच्या आवडीचे यंत्र म्हणजे नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन येथील मायफोर्ड कंपनीचा ‘एमएल ७’ हा लेथ. सेसिल मूर यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने तो १९४६ मध्ये, म्हणजे दुसरे महायुद्ध संपताच, बाजारात आणला. बेडवर सात इंच व्यासापर्यंतचे काम फिरेल आणि दोन सेंटरांमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांच्या आधारांमध्ये, सुमारे वीस इंच लांबीचा दांडा बसेल, एवढाच त्याचा आवाका; परंतु घराच्या मागच्या खोलीत मावणारे इतके भरीव यंत्र त्या काळी दुर्मीळ होते. बीस्टनचा कारखाना २०११ मध्ये बंद झाला, तरी हे लेथ अजूनही हातोहात विकले जातात, आणि त्यांच्या दुरुस्तीचे शास्त्र इतके तपशीलवार विकसित झाले आहे की जीर्णोद्धार कसा करावा हे समजून घेण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधावे लागू नये.

लेथची रचना थोडक्यात अशी : डाव्या बाजूच्या हेडस्टॉकमध्ये स्पिंडल, म्हणजे मुख्य फिरता दांडा असतो आणि त्याच्या टोकाला काम पकडणारा चक. हेडस्टॉक ज्या लांब पायावर उभा असतो तो बेड, आणि बेडच्या उजव्या बाजूला लांब कामाच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा टेलस्टॉक. बेडवरून डावी-उजवीकडे सरकते ते सॅडल, सॅडलवर आडवी पुढे-मागे सरकते ती क्रॉस-स्लाइड, आणि तिच्यावर कापणारे टूल. सॅडल स्पिंडलच्या अक्षाला तंतोतंत समांतर सरकले तर दांडा सर्वत्र सारख्या व्यासाचा उतरतो. तसे न झाल्यास तो निमुळता किंवा मध्ये फुगीर निघतो. यंत्राची बाकी सारी अंगे कितीही चकचकीत केली, तरी या समांतरतेला पर्याय नसतो.

गंज आणि जुना रंग यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भाग बुडवून, तो बॅटरी-चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा टाकाऊ तुकडा धन टोकाला जोडला, की विजेच्या प्रवाहाने गंज सैल होतो आणि निरोगी धातूला धक्का लागत नाही. धन टोकाला स्टेनलेस स्टील मात्र कदापि जोडू नये, कारण त्यातील क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. या क्रियेत हायड्रोजन वायूही निघत असल्याने ती मोकळ्या हवेत करावी लागते. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरून तो कोरडा घासू नये, ओला करून खरवडावा. बेडच्या सरकपृष्ठांना तर एमरी कागद लावणे हा गुन्हाच मानावा : त्याचे कण ओतीव लोखंडात रुततात आणि कारखान्यात घासून मिळवलेली सपाटी हाताच्या दाबाने ठिकठिकाणी बिघडते.

मोजमापाची सुरुवात झिजेपासून नव्हे, तर पिळापासून करावी लागते. बेड कितीही जाड दिसला तरी तो वेड्यावाकड्या टेबलावर बोल्टांनी आवळला की पिळला जातो, आणि पिळामुळे आलेला निमुळतेपणा अननुभवी माणूस झीज समजून बसतो. पीळ तपासण्याची जुनी पद्धत अशी की, एक जाड दांडा एका टोकाला फक्त चकमध्ये धरायचा, टेलस्टॉकचा आधार द्यायचा नाही, दांड्यावर एकमेकांपासून दूर दोन कडी ठेवून मधला भाग बारीक करायचा, आणि टूल न हलवता दोन्ही कड्यांवरून एकच हलका काप घ्यायचा. दोन्ही कड्यांचे व्यास मायक्रोमीटरवर सारखे आले नाहीत, तर टेलस्टॉकच्या बाजूचा एकेक पाय किंचित वर-खाली करून तो फरक घालवायचा. पुष्कळ ‘झिजलेले’ लेथ एवढ्यानेच सुधारतात.

पीळ काढल्यावरही जो दोष उरतो, तो झिजेचा. लेथवरची बहुतेक कामे आखूड असल्याने सॅडल आयुष्यभर चकजवळच्या वीतभर टप्प्यातच पुढे-मागे होत राहते आणि बेड तेथेच झिजतो, तर टेलस्टॉककडची बाजू जवळजवळ कोरी राहते. मात्र सगळी झीज सारखीच घातक नसते, आणि हे अगदी साध्या गणिताने पटते. पंचवीस मिलिमीटर व्यासाचा दांडा कापताना बेडच्या वरच्या पृष्ठाच्या झिजेमुळे टूल ०.१ मिलिमीटर खाली गेले, तर पायथागोरसच्या नियमाने व्यासात पडणारा फरक एक सहस्रांश मिलिमीटरही भरत नाही. टूल तेवढेच आडवे, म्हणजे कामापासून दूर, सरकले, तर व्यासात थेट ०.२ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे सुमारे अडीचशे पट. म्हणून बेड वरून किती खालावला यापेक्षा सॅडलला आडवे धरून ठेवणाऱ्या उभ्या कडा किती झिजल्या, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

एमएल ७ चा सर्वांत बुद्धिमान फेरफार नेमक्या याच प्रश्नातून जन्मला. या लेथच्या बेडला इंग्लिश पद्धतीच्या दोन सपाट समांतर पट्ट्या असतात, एक कारागिराकडची आणि एक मागची. सॅडल दोन्ही पट्ट्यांवर टेकते, परंतु मूळ रचनेत त्याला आडवी दिशा देण्याचे काम फक्त पुढच्या पट्टीच्या दोन उभ्या कडा करतात : बाहेरच्या कडेवर जिब, म्हणजे स्क्रूने आवळता येणारी पातळ पट्टी, दाबून बसते आणि आतल्या कडेला सॅडलचा स्थिर भाग टेकतो. असा अरुंद मार्गदर्शक निवडण्यामागे तर्क होता. रुंद आणि आखूड ड्रॉवर एका कोपऱ्याला धरून ओढला की अडकतो, तसे सॅडल अडकू नये म्हणून मार्गदर्शक त्याच्या लांबीच्या मानाने अरुंद ठेवला गेला. परंतु काप घेताना टूलवर येणारा रेटा सॅडलला कारागिराच्या दिशेने ढकलतो आणि तो सगळा भार पुढच्या पट्टीच्या आतल्या कडेवर येतो. चकजवळ तीच कड झिजते. मग जिब चकजवळ नीट बसेल इतकी आवळली, तर टेलस्टॉककडच्या कोऱ्या भागात सॅडल घट्ट होऊन थांबते, आणि तेथे मोकळी ठेवली तर चकजवळ ते डुलते. जुना एमएल ७ विकत घेताना सॅडल हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिले, तर त्याचे वय एवढ्यावरूनही कळते.

या सगळ्यात मागच्या पट्टीच्या मागच्या उभ्या कडेला मूळ रचनेत काहीच काम नसते. ती कारखान्यात बेडबरोबरच सरळ केलेली असते आणि पुढे तिला कोणी स्पर्शही करत नाही, त्यामुळे कित्येक दशकांनंतरही ती नव्यासारखी असते. सॅडलच्या खालच्या अंगाला मागच्या बाजूने नेमक्या जाडीची एक धातूची पट्टी बसवायची, म्हणजे सॅडल या कोऱ्या कडेला टेकते, आणि पुढच्या पट्टीच्या झिजलेल्या आतल्या कडेसमोरचा सॅडलचा भाग थोडा खरवडून त्याचा स्पर्श तोडायचा, एवढाच हा फेरफार. टूलचा रेटा आता कोऱ्या कडेवर येतो, पुढची जिब फक्त सॅडलला जागेवर राखते, आणि बेड न घासता यंत्राची समांतरता परत मिळते. अरुंद मार्गदर्शकाचा जुना तर्क येथे काहीसा बाजूला पडतो हे खरे, पण या आकाराच्या लेथवर त्याची अडचण जाणवत नाही. खुद्द कंपनीनेही १९७० च्या दशकात नव्या लेथना हीच रुंद रचना दिली. झिजलेल्या भागाची दुरुस्ती करण्याऐवजी न झिजलेला भाग शोधून त्याला कामाला लावणे, यात जी दृष्टी आहे ती घरगुती कारागिरांच्या शेकडो सुधारणांत क्वचितच दिसते.

जेथे असा सोपा मार्ग नसतो तेथे स्क्रेपिंगचा आधार घ्यावा लागतो. सपाट असल्याची खात्री असलेल्या सरफेस प्लेटवर निळ्या रंगाचा अतिशय पातळ थर लावून तपासायचा भाग त्यावर हलकेच फिरवला, की उंचवट्यांना निळे ठिपके लागतात. तेवढेच उंचवटे धारदार स्क्रेपरने खरवडायचे आणि पुन्हा तपासायचे. दर फेरीला ठिपके वाढत जाऊन पृष्ठभर सारखे पसरतात. या पद्धतीमागचे मूळ सूत्र, म्हणजे तीन प्लेटा आळीपाळीने एकमेकींवर तपासून तिन्ही सपाट करणे, जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ग्लासगोच्या परिषदेत मांडले : दोनच प्लेटा असल्या तर एक खोलगट आणि दुसरी फुगीर होऊनही त्या एकमेकींशी जुळतात, तिसरी आली की ही लबाडी उघडी पडते. संपूर्ण बेड घरी स्क्रेप करणे हे महिनोन्महिन्यांचे काम आहे आणि त्यापेक्षा तो मोठ्या ग्राइंडिंग यंत्रावर घासून घेणे शहाणपणाचे. क्रॉस-स्लाइड आणि जिब यांसाठी मात्र स्क्रेपिंग घरी अवश्य शिकावे.

हेडस्टॉकमध्ये एमएल ७ ला व्हाइट मेटलचे, म्हणजे कथिलप्रधान मऊ मिश्रधातूचे, दोन भागांत विभागलेले बेअरिंग असतात. टोपीखाली पातळ पत्र्यांच्या थरांची शिम असते, आणि बेअरिंग सैल झाले की तिचा एखादा थर सोलून काढून ते पुन्हा जुळवता येते. पुष्कळांना ते जुनाट वाटून बॉल बेअरिंग बसवण्याचा मोह होतो. परंतु वेळच्या वेळी तेल मिळालेले व्हाइट मेटल कामाला इतकी गुळगुळीत झाक देते की हा बदल बहुधा यंत्र बिघडवूनच संपतो.

मोटरच्या बदलाला मात्र अर्थ आहे. मूळ यंत्रावर सिंगल फेज मोटर आणि पट्ट्याच्या पुली असतात. थ्री फेज मोटर बसवून तिला व्हीएफडी, म्हणजे विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण जोडले, तर चालू कामात वेग बदलता येतो आणि मोटरची थरथरही कमी होते. भारतात असे करताना एक अडचण येते : घरच्या २३० व्होल्ट सिंगल फेजवर चालणारा सामान्य व्हीएफडी २३० व्होल्टचीच थ्री फेज देतो, तर येथील मोटरी बहुधा ४१५ व्होल्टसाठी स्टार जोडणीत बांधलेल्या असतात. वाइंडिंगची सहाही टोके बाहेर असतील तर जोडणी डेल्टामध्ये बदलावी, नसतील तर रिवाइंडिंगवाल्याची मदत घ्यावी. वारंवारता कमी केल्याने वेग घटतो, पण पुलीमुळे किंवा बॅक गिअरमुळे, म्हणजे स्पिंडलचा वेग घटवणाऱ्या गिअरांमुळे, वाढते तसे पीळबल वाढत नाही, आणि मोटरचा पंखाही मंदावतो. म्हणून बॅक गिअर काढून टाकण्याची घाई करू नये. याहून गंभीर धोका ब्रेकचा. एमएल ७ चा चक स्पिंडलच्या आट्यांवर नुसता फिरवून बसवलेला असतो; व्हीएफडीने क्षणात ब्रेक लावला किंवा उलटी दिशा दिली, तर जड चक आपल्या गतीने आट्यांवरून सुटून कारागिराच्या अंगावर येऊ शकतो. थांबण्याचा काळ काही सेकंद ठेवणे हाच त्यावरचा उपाय.

आटे पाडण्याच्या बाबतीत या यंत्राचा इंग्लिश जन्म आड येतो. त्याच्या लीड स्क्रूला, म्हणजे आटे पाडताना स्पिंडलशी गिअरांनी जोडला जाऊन सॅडल सरकवणाऱ्या लांब स्क्रूला, इंचात आठ आटे असतात, म्हणजे एका फेऱ्यात सॅडल इंचाचा आठवा भाग, आपल्याकडच्या कारागिरांच्या भाषेत एक सूत, सरकते. मिलिमीटरचे आटे अचूक पाडायचे तर १२७ दातांचा गिअर हवा, कारण इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि १२७ ही मूळ संख्या. एवढा मोठा गिअर लहान लेथवर बसवणे गैरसोयीचे असते, म्हणून ६३ दातांचा गिअर वापरून काम भागवतात. त्यात आठ हजारांत एक एवढी चूक राहते, म्हणजे शंभर मिलिमीटर लांबीत सव्वा शतांश मिलिमीटर. नट-बोल्टसाठी ही चूक नगण्य आहे, लांब फीड स्क्रूसाठी नाही. अलीकडे स्पिंडलवर त्याचे फिरणे मोजणारा एन्कोडर आणि लीड स्क्रूवर टप्प्याटप्प्याने फिरणारी स्टेपर मोटर लावून गिअरांची गरजच संपवली जाते. हा बदल भोके न पाडता केला तर उत्तम, कारण मूळ गिअर परत चढवण्याची सोय राखणे पुढच्या मालकाच्या हिताचे असते.

महाराष्ट्रात अशा कामासाठी हाती येणारे जुने लेथ बहुधा देशी बनावटीचेच असतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगपरंपरेतून १९४१ मध्ये कर्नाटकातील हरिहरला उभ्या राहिलेल्या म्हैसूर किर्लोस्करने देशातल्या छोट्या-मोठ्या कारखान्यांना लेथ पुरवले, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरापासून पुण्याच्या भोसरीपर्यंतच्या कार्यशाळांतून ती यंत्रे आजही फिरताना दिसतात. मात्र व्ही आकाराच्या सरकपट्ट्या असलेल्या लेथला मायफोर्डची युक्ती लागू पडत नाही. व्ही पट्टी झिजली तरी सॅडल सैल होत नाही, ते आपल्याच वजनाने उतारावर बसून घेते. परंतु दोन्ही उतार सारखे झिजत नसल्याने ते खाली जाता जाता आडवेही सरकते, आणि ही झीज हाताला न जाणवता थेट व्यासात उतरते. तेथे डुलणाऱ्या सॅडलवरून यंत्राचे वय ओळखता येत नाही. दोन कड्यांचा दांडा कापून, मग लांब दांड्यावर ठरावीक अंतरांनी व्यास मोजूनच निर्णय घ्यावा लागतो, आणि फरक मोठा आला तर बेड ग्राइंडिंगला पाठवून सॅडलची खालची पृष्ठे त्याच्याशी स्क्रेप करून जुळवण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.