नेपियर, भाताचा पेंढा आणि ऑक्झलेट : जनावराचे कॅल्शियम जाते कुठे?

अळू नीट शिजले नाही की घसा खाजतो. पानातील कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक टोचल्याने हे होते. झाड जादा कॅल्शियम अशा स्फटिकांत साठवते आणि पाने खाणाऱ्यांपासून बचावही साधते. हाच पदार्थ दगडफूल वाढलेल्या खडकांवर आणि कोळशाच्या थरांतील भेगांत खनिजरूपात सापडतो. त्याला व्हेवेलाइट म्हणतात. आपल्या मुतखड्यातही बहुतेक वेळा तोच असतो.

गोठ्यात मात्र खरी अडचण तयार स्फटिकांची नसते. ते बरेचसे शेणावाटे निघून जातात. अडचण असते पाण्यात विरघळणाऱ्या ऑक्झलेटची. संकरित नेपियर आणि भाताच्या पेंढ्यात ते बऱ्यापैकी असते. जनावराच्या पोटात ते चाऱ्यातील कॅल्शियमला पकडते आणि न विरघळणारे कॅल्शियम ऑक्झलेट तिथेच तयार होते. म्हणजे कॅल्शियम खाऊ घातले तरी गाईच्या अंगी लागत नाही. ऑक्झलेट रक्तात उतरले तर तेथील कॅल्शियम घटते, मूत्रपिंडात स्फटिक साचतात. जनावर थरथरते, अडखळते, बसून राहते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवावे.

म्हणून नेपियर बंद करायचे का? मुळीच नाही. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोटीपोटातील जिवाणू ऑक्झलेटचे विघटन करतात, फक्त त्यांना सवय व्हायला वेळ लागतो. त्यामुळे नवा चारा दोन-तीन आठवड्यांत थोडाथोडा वाढवावा. उपाशी जनावरापुढे एकदम कोवळ्या नेपियरचा भारा टाकू नये. घोड्याला ही सोय कमी असल्याने त्याच्या बाबतीत अधिक जपावे.

कोवळ्या पानांत ऑक्झलेट जास्त, पक्व चाऱ्यात कमी. पहिली कापणी लागवडीनंतर अडीच महिन्यांच्या सुमारास, पुढच्या दीड महिन्याच्या अंतराने घ्यावी. हिरवागार दिसावा म्हणून युरिया आणि पालाश भरमसाट टाकण्याची सवय मला अनेक ठिकाणी दिसते. त्यानेही ऑक्झलेट वाढते.

निव्वळ नेपियरवर गोठा चालवू नये. सोबत लसूणघास, चवळी किंवा दशरथ घास कुट्टी करून मिसळावी, कारण द्विदल चाऱ्यात कॅल्शियम भरपूर असते. मोठ्या दुभत्या जनावराला रोज साधारण 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे. विण्याआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत मात्र कॅल्शियम आपल्या मनाने वाढवू नये. त्याने विल्यानंतर दुग्धज्वराचा धोका उलट वाढतो.