कॅराव्हॅनमधला स्वयंपाक : ऐकीव काय, खरं काय

कॅराव्हॅन घेऊन कोकणात उतरणारी, नाहीतर थेट लडाखचा रस्ता धरणारी मराठी कुटुंबं आता नवलाची राहिलेली नाहीत. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं स्वतंत्र धोरणही आणलं. निघण्याआधी सामानाची यादी होते, तेव्हा शेगडीचा विषय मात्र एका वाक्यात उरकतो : ‘इंडक्शन घेऊ, गॅसची कटकटच नको.’ सगळ्यात मोठा गैरसमज याच वाक्यात आहे.

इंडक्शनला ज्योत नसते हे खरं, पण वीज तर लागतेच. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १,२०० वॅट-अवर वीज साठवते. ती लेड-अ‍ॅसिडची असेल आणि टिकायला हवी असेल, तर त्यातली निम्मीच वापरायची, म्हणजे ६००. आता १,२०० वॅटवर वीस मिनिटं खिचडीचा कुकर ठेवा. शेगडीने ४०० वॅट-अवर घेतले, इन्व्हर्टरमध्ये दहा-पंधरा टक्के वाया गेले, बॅटरीतून साडेचारशे संपले. उरलेल्या दीडशेत रात्रभर फ्रीज, पंखा आणि दिवे चालवायचे! लिथियम बॅटरी ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत वापरता येते, म्हणून तिथे हिशेब जरा सैल होतो. पण छतावरचं १०० वॅटचं सोलर पॅनल कडक उन्हातही दिवसभरात साधारण ४०० वॅट-अवर देतं. म्हणजे दिवसभराच्या उन्हात जेमतेम एक खिचडी. शिवाय १२ व्होल्टवरून १,२०० वॅट ओढायचे म्हणजे शंभर अँपिअरच्या वर प्रवाह. तेवढा पेलणाऱ्या जाड केबल आणि मोठा, शुद्ध साइन वेव्ह देणारा इन्व्हर्टर गाडीत आहे का, हे भाड्याने देणाऱ्याला आधी विचारा. लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्या छोट्या इन्व्हर्टरचं हे काम नाही.

याच्या शेजारी ब्युटेनचा साधा २३० ग्रॅमचा डबा ठेवून पाहा. त्यात जवळजवळ २,९०० वॅट-अवर उष्णता असते. निम्मी इकडेतिकडे गेली तरी पंचवीस-तीस किलोंच्या त्या बॅटरीपेक्षा तो जास्त अन्न शिजवतो. म्हणूनच जिथे वीजजोडणी नाही तिथे गॅस, आणि जिथे आहे तिथे इंडक्शन, असं माझं स्पष्ट मत आहे.

वीजजोडणी असली तरी सॉकेट बघूनच लावा. आपल्याकडच्या छोट्या, ६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला १,३८० वॅटच मिळतात. २,००० वॅटच्या शेगडीचा जाड पिनांचा प्लग त्यात बसत नाही, तो मुद्दामच तसा केलेला असतो. कन्व्हर्टर लावून तो बसवणं म्हणजे भिंतीतली वायर तापवणं. १६ अँपिअरचा सॉकेट नसेल तर शेगडी १,००० वॅटवर चालवा. मायक्रोवेव्हचीही अशीच गफलत होते : ८०० वॅटचा मायक्रोवेव्ह अन्नाला ८०० वॅट देतो, पण सॉकेटमधून बारा-तेराशे ओढतो. आणि घरचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटला तरच तो न्यायचा.

गॅसबद्दल लोक भितात ते सिलिंडर फुटण्याला. पण सुटसुटीत, पेटीसारख्या कॅसेट शेगडीचा खरा धोका आपल्या तव्यात आहे. या शेगडीत डबा बर्नरच्या बाजूच्या कप्प्यात आडवा बसतो. भाकरीचा मोठा तवा ठेवला की त्याची कड त्या कप्प्यावर जाते, तव्याची धग खाली परतते आणि डबा तापत राहतो. शेगडीच्या कडेबाहेर न जाणारा तवाच वापरा, आणि दोन शेगड्या एकमेकींना खेटून ठेवू नका.

‘गॅस भरलेला आहे म्हणजे पेटणारच’ हेही मैदानापुरतंच खरं. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. त्याहून थंडी असली की तो डब्यात द्रव होऊनच बसतो. शिवाय वापरताना डबा आपोआप गारठतो, त्यामुळे पाच-सात अंशांनाच ज्योत मलूल होते. आयसोब्युटेन उणे बारापर्यंत आणि प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत वायू होतो. लेह-स्पितीसाठी प्रोपेन मिसळलेला डबा आणि त्याला चालणारी शेगडी घ्यावी. गारठलेला डबा ज्योतीवर शेकणं मात्र जिवावर बेतू शकतं.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. थंडीत दार लावून घेतात आणि ‘शेगडी पेटतीच राहू दे, ऊब येईल’ म्हणतात. बार्बेक्यूचे विझत आलेले निखारे आत आणून ठेवणारेही आहेत. गळका गॅस कळतो, कारण त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही, रंगही नाही. माणसाला आधी डोकेदुखी, मळमळ, मग गुंगी येते आणि झोपेतच सगळं संपतं. राख धरलेले निखारेही हा वायू सोडत राहतात, म्हणून कोळशाची शेगडी गाडीत आणायचीच नाही. गॅसवर शिजवतानाही छताजवळचा झरोका आणि खिडकी उघडी हवी, झोपण्यापूर्वी वाल्व्ह बंद हवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून तळातले झरोके थंडी येते म्हणून चिंध्या कोंबून बुजवू नयेत. एलपीजीचा सेन्सर खाली, कार्बन मोनॉक्साइडचा झोपणाऱ्याच्या नाकाच्या उंचीला. एकाने दोन्ही कामं होत नाहीत.

‘डोंगरात डाळ शिजत नाही, शेगडीच कमजोर’ हा आरोपही चुकीचा. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं. मोठी आच देऊन ते आणखी गरम होत नाही, फक्त वाफ वाढते. मोठ्या बर्नरवर पैसे घालण्यापेक्षा तीन लिटरचा कुकर न्या.

विमानाने जाऊन तिकडे गाडी घेणार असाल तर डबे बॅगेत घालू नका. केबिनमध्ये नाही आणि चेक-इनमध्येही नाही. रेल्वेतही सिलिंडर न्यायला बंदी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराई स्थानकात उभ्या असलेल्या पर्यटकांच्या डब्यात बेकायदा आणलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जणांचा जीव गेला. इंडेनचा ५ किलोचा ‘छोटू’ केवळ ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. गल्लीतल्या दुकानात घरगुती सिलिंडरमधून भरून दिलेली टाकी स्वस्त पडते, पण ते भरणं बेकायदा आहे आणि वाल्व्ह कधी तपासला होता हे कोणीच सांगू शकत नाही. छोटू गाडीत उभाच बांधायचा. आडवा झाला तर वायूऐवजी द्रव गॅस नळीत येतो. आणि गाडी सुरू करण्यापूर्वी वाल्व्ह बंद आहे का, हे हात लावूनच बघायचं.