सात-बारा पाहण्यापूर्वी नोंदणी असावी काय?

वाशीम जिल्ह्यातील रिसोड, कारंजा वा मानोरा तालुक्यातील ज्या शेतकऱ्यास आपल्या जमिनीची नोंद पाहण्यासाठी पूर्वी तलाठ्याच्या दप्तरी खेटे घालावे लागत, त्यास आता शासनाच्या महाभूलेख संकेतस्थळावर गट क्रमांक व मोबाईल क्रमांक भरताच, खाते न उघडता, स्वाक्षरीविरहित सात-बारा माहितीपुरता विनामूल्य पाहता येतो; मात्र कचेरीत किंवा बँकेत ग्राह्य धरला जाणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा हवा असल्यास आपली ओळख पटवून 15 रुपये शुल्क भरावे लागते.

हा भेद सयुक्तिक आहे. जेथे रक्कम वसूल होते आणि दस्तऐवज निर्गमित होतो, तेथे घेणाऱ्याची नोंद असणे हिशेबास आवश्यकच. परंतु केवळ अवलोकनासाठी तोच दंडक लावणे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या आशयाशी विसंगत ठरेल, कारण तिच्या कलम 327 ने भूमी अभिलेख, नियमांच्या अधीन राहून, जनतेस पाहण्यासाठी खुले ठेवले आहेत.

नोंदणीचे समर्थक म्हणतात की तिच्यामुळे यंत्राद्वारे होणारा अभिलेखांचा सरसकट उपसा रोखला जातो. ही भीती निराधार नाही. तथापि चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखून भरण्याची साधी कसोटीही त्यास बराच आळा घालते, आणि स्वतःचा मोबाईल नसलेल्या वृद्ध खातेदारास अडवीत नाही. शिवाय गोळा केलेली प्रत्येक माहिती सांभाळण्याची जबाबदारी संग्राहकावरच येते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 मध्येही संमतीने घ्यावयाची माहिती उद्दिष्टापुरतीच मर्यादित ठेवण्याचे तत्त्व आहे. तात्पर्य, पाहणे मुक्त असावे आणि ओळख केवळ प्रमाणित प्रत देतानाच मागावी.