जुने ट्रॅक्टर : शेतीच्या इतिहासाचें एक उपेक्षित साधन

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, नाणीं, सनदा, महजर व पत्रव्यवहार यांचीच आठवण प्रथम होते, आणि तें योग्यही आहे. परंतु ज्या शेतीच्या उत्पन्नावर या सर्व सनदांचा व इनामांचा डोलारा उभा होता, ती शेती कोणत्या अवजारांनीं होत होती या प्रश्नाकडे संशोधकांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. याचें कारण उघड आहे. कागदावर वतनदाराचा हक्क अवलंबून असतो, म्हणून तो रुमालांत बांधून पिढ्यान्‌पिढ्या जपला जातो. मोडक्या अवजारावर कोणाचाच हक्क अवलंबून नसतो. त्याचें लांकूड चुलींत जातें आणि लोखंड लोहाराच्या भट्टींत. जीं अवजारें वांचलीं तीं बहुधा कोणा एका घराच्या हौसेमुळें वांचलीं. अशाच एका हौसेचा, म्हणजे जुने व दुर्मिळ ट्रॅक्टर जमविण्याच्या छंदाचा, इतिहासदृष्ट्या विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

अमेरिकेंतील आयोवा, नेब्रास्का, इलिनॉय वगैरे शेतीप्रधान संस्थानांत आणि तशींच इंग्लंडांतही हा छंद पुष्कळ कुटुंबांत दिसून येतो. त्याचा आरंभ बहुधा सारखाच असतो. आजोबांनीं घेतलेला पहिला ट्रॅक्टर कोठाराच्या मागें गंजत पडलेला असतो; मुलगा तो बाहेर काढून चालू करितो; मग त्याच कारखान्याचा त्याच्या आधींचा नमुना कोठें मिळेल याचा शोध सुरू होतो; आणि नातवाच्या हातीं कारभार येईपर्यंत कोठारांत दहावीस यंत्रें उभीं राहतात. आयोवांतील माउंट प्लेझंट या गांवीं १९५० सालापासून अशा जुन्या यंत्रांचा मेळा भरत आला आहे. तेथें आजोबा, मुलगा व नातू एकाच यंत्राभोंवतीं काम करितांना आढळतात. हा केवळ श्रीमंतांचा खेळ आहे असा समज होण्यासारखा आहे; परंतु या कुटुंबांनीं जें राखिलें तें कोणत्याही सरकारी दफ्तरांत सांपडणार नाहीं.

यंत्रांची परीक्षा करण्यापूर्वीं त्यांची वंशावळ थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. पेट्रोलवर चालणारें व पुढें-मागें दोन्हीं बाजूंस जाऊं शकणारें शेतीचें यंत्र जॉन फ्रोलिक यानें १८९२ सालीं आयोवांत तयार केलें. त्यावरून निघालेल्या कंपनीनें दोन यंत्रें विकलीं व तीं दोन्हीं गिऱ्हाइकांनीं परत केलीं. हार्ट व पार या दोघां सहाध्यायांनीं त्याच संस्थानांतील चार्ल्स सिटी येथें विसाव्या शतकाच्या आरंभीं हा धंदा प्रथम यशस्वी केला. त्यांचें १९०३ मधील तिसऱ्या क्रमांकाचें यंत्र वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहालयांत आहे. इंग्लंडांत डॅन आल्बोन यानें १९०२ सालीं ‘आयव्हेल’ हें तीन चाकी हलकें यंत्र काढिलें. पुढें १९१७ सालीं हेन्री फोर्ड याचा ‘फोर्डसन’ निघाला, आणि १९२८ पर्यंत एकट्या अमेरिकेंत त्याचे सात लाखांहून अधिक नग तयार झाले. १९२४ मध्यें पिकाच्या ओळींमधून चालूं शकणारा ‘फार्मॉल’ आला. १९३२ पासून लोखंडी चाकांची जागा हवा भरलेले रबरी टायर घेऊं लागले. आणि १९३६ सालीं हॅरी फर्ग्युसन याची, अवजार ट्रॅक्टरालाच जोडून तेलाच्या दाबानें उचलण्याची पद्धति विक्रीस आली. आज जगांत सर्वत्र चालणारे ट्रॅक्टर या शेवटच्या पद्धतीचेच वंशज होत.

आतां दुर्मिळता कशानें येते तें पाहूं. जुनें तें दुर्मिळ असा सामान्य समज आहे, तो बरोबर नाहीं. फोर्डसन शंभर वर्षांचा असूनही अद्याप बराच आढळतो. कारण तो लाखांनीं झाला होता. उलट मिनिआपोलिस-मोलाइन कंपनीचा १९३८ मधील यूडीएलएक्स हा त्यामानानें नवा असून अत्यंत दुर्मिळ आहे. त्यास बंद खोली, ऊब देणारें साधन व रेडिओ बसविलेला होता. दिवसां शेत नांगरावें व संध्याकाळीं त्यांतच बसून गांवांत जावें अशी कल्पना होती. पण मंदीनें पिचलेल्या शेतकऱ्यास ती परवडली नाहीं, आणि सुमारें दीडशेंच नग तयार झाले. दुर्मिळतेचें दुसरें कारण विशिष्ट प्रदेशाची गरज हें होय. वॉशिंग्टन संस्थानांतील यॅकिमा येथील लिंडमन कंपनी जॉन डिअरच्या लहान ट्रॅक्टरास चाकांऐवजीं लोखंडी पट्टे बसवून तो फळबागांसाठीं विकीत असे. असे सुमारें सतराशेंच झाले. तिसरें कारण विनाश. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत मोडीचें लोखंड गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, तेव्हां पहिल्या पिढींतील असंख्य यंत्रें वितळविलीं गेलीं. सुमारें पांचशें झालेल्या आयव्हेल यंत्रांपैकीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच आज उरलीं आहेत. म्हणजे दुर्मिळता हीच एक ऐतिहासिक साक्ष आहे: अमुक वस्तु कमी कां उरली, याच्या उत्तरांत मंदी, युद्ध व शेतकऱ्याची ऐपत हीं तीन्हीं येतात.

यानंतरचा प्रश्न अस्सल व बनावट यांचा. जुन्या कागदाची परीक्षा करितांना आपण शिक्का, मोर्तब, वळण, कागद व शक यांचा मेळ घालतों. येथेंही पद्धति तीच आहे. शिक्क्याच्या ठिकाणीं कारखान्याची धातूची पट्टी असते व तिजवर यंत्राचा क्रमांक असतो. परंतु हा क्रमांक वाचण्यास सावधगिरी हवी. जॉन डिअरच्या ‘डी’ नमुन्याचे क्रमांक १९२३ सालीं ३०४०१ पासून सुरू झाले. तेव्हां ३०४५० हा क्रमांक पाहून कोणी ‘तीस हजार यंत्रें झाल्यावरचें हें यंत्र’ असें अनुमान काढील, तर तें साफ चुकेल. तें पहिल्या पन्नासांतलें आहे. शिवाय पट्टी ही दोन खिळ्यांनीं बसविलेली असल्यामुळें एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर ठोकतां येते. म्हणून अंगच्या खुणांशीं ती ताडून पाहावी लागते. ‘डी’च्या पहिल्या पन्नास यंत्रांचा पुढचा आंस ओतीव नसून पोलादाचे तुकडे जोडून केलेला होता; आरंभींच्या यंत्रांचें गतिचक्र आऱ्यांचें व २६ इंची होतें, मग तें २४ इंची झालें व पुढें भरीव झालें. क्रमांक आरंभींचा व चक्र भरीव, असें आढळल्यास एकतर चक्र बदललेलें आहे किंवा पट्टी दुसऱ्याची आहे.

वळण व शाई यांच्या जागीं येथें रंग येतो. फार्मॉलचा तांबडा रंग इतका प्रसिद्ध आहे कीं, जुनें यंत्र हातीं येतांच त्यास तांबडा रंग देण्याचा मोह होतो. पण १९३६ च्या उत्तरार्धापूर्वीं हे ट्रॅक्टर करडे असत. १९२४ चा तांबडा फार्मॉल म्हणजे शिवकालीन पत्रावर पेशवाईंतला मायना. नांवांचाही असाच घोटाळा होतो. अमेरिकेंतला ‘वॉटर्लू बॉय’ हाच इंग्लंडांत ‘ओव्हरटाइम’ या नांवानें विकला जात असे. आणि पुढें ट्रॅक्टराचें रूप पालटून टाकणारा हॅरी फर्ग्युसन आरंभीं आयर्लंडांत याच ‘ओव्हरटाइम’चा विक्रेता होता. हीं दोन यंत्रें निराळीं समजणारा संशोधक या दुव्यास मुकेल.

लेखी साधनें यास पूरक आहेत. इंटरनॅशनल हार्व्हेस्टर कंपनीचें मोठें दफ्तर विस्कॉन्सिन येथील ऐतिहासिक संस्थेच्या ताब्यांत आहे. त्याहून मनोरंजक असे नेब्रास्काचे परीक्षा-अहवाल. क्रोझिअर नांवाच्या एका शेतकऱ्यानें ‘फोर्ड’ हें नांव पाहून एक ट्रॅक्टर घेतला; तो हेन्री फोर्डचा नव्हता, मिनिआपोलिसच्या एका निराळ्याच कंपनीचा होता, व अगदीं निरुपयोगी ठरला. पुढें हाच शेतकरी विधिमंडळांत गेला व १९१९ सालीं त्यानें असा कायदा घडवून आणिला कीं, विद्यापीठानें परीक्षा घेतल्याखेरीज कोणताही नवा ट्रॅक्टर त्या संस्थानांत विकूं नये. १९२० च्या वसंतांत परीक्षेस उतरलेलें पहिलें यंत्र ‘वॉटर्लू बॉय’ हेंच होतें. त्या अहवालांवरून जाहिरातींतील अश्वशक्ति व खरी अश्वशक्ति यांतील अंतर आज ताडून पाहतां येतें.

परंतु जें अहवालांत नाहीं तें यंत्राच्या अंगावर असतें, आणि येथेंच छंदी कुटुंबांशीं आमचा थोडा मतभेद आहे. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांच्या लोखंडी चाकांच्या आऱ्या मध्येंच कापून त्यांवर टायरांच्या धांवा जोडलेल्या आढळतात. नवीन यंत्र घेण्याची ऐपत नव्हती, पण रबरी चाकांचा लाभ तर हवा होता, म्हणून गांवच्या लोहारानें केलेली ही तडजोड होय. जीर्णोद्धार करणारा हीं चाकें फेंकून देऊन दुसऱ्या यंत्राचीं मूळचीं चाकें आणून बसवितो, सांधे घासून काढितो व वर झगझगीत रंग चढवितो. यंत्र सुंदर दिसतें. पण शेतकऱ्याच्या दहा वर्षांच्या ओढाताणीचा जो एकच पुरावा उरला होता तो नाहींसा होतो. दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंही पोकळ नाहीं. गंज कोणासाठीं थांबत नाहीं. जें यंत्र चालत नाहीं त्याचें चालविण्याचें ज्ञानही लोपतें. आणि मुलाबाळांस आवड लागावी तर यंत्र धडधडतें हवें. आमचें मत असें कीं, जें एकमेव किंवा अत्यंत विरळ आहे तें जसेंच्या तसें राखावें, जें शेंकडोंनीं आहे तें खुशाल रंगवावें. मात्र हात लावण्यापूर्वीं छायाचित्रें घ्यावीं, काढलेला भाग टाकूं नये आणि काय बदललें तें वहींत लिहून ठेवावें. फाटक्या कागदाची नक्कल करून अस्सल जाळून टाकणारास आपण संशोधक म्हणत नाहीं. तोच न्याय येथें लागू आहे.

या परदेशच्या छंदाशीं आमचा संबंध काय, असें कोणी विचारील. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल या भीतीनें शेतकरी तो घेईनात, ही कथा सर्वश्रुत आहे. १९४७ सालीं मध्यवर्ती सरकारनें ट्रॅक्टर-संघटना काढून अमेरिकन सैन्याच्या शिलकी यंत्रांनीं कांस माजलेल्या जमिनी फोडण्यास आरंभ केला. १९५९ मध्यें फरीदाबादेस ‘आयशर’ हा देशांत बनलेला पहिला ट्रॅक्टर निघाला. १९६३ सालीं स्थापन झालेल्या कंपनीनें मुंबईस कांदिवलीच्या कारखान्यांत ‘बी-२७५’ हा नमुना काढिला. आणि पिंजोर येथें १९७१ पासून चाललेला एचएमटीचा ट्रॅक्टर-कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ सालीं झाला. अर्थात्‌ आमच्याकडील पहिल्या पिढीच्या यंत्रांचा काळ आतांच संपत आहे. कारखाने बंद पडतात तशीं दफ्तरेंही विखुरतात, आणि बांधावर गंजणारा ट्रॅक्टर वजनावर भंगारांत जातो.

यास्तव वाचकांस आमची एवढीच विनंति आहे. आपल्या गांवीं असें यंत्र असल्यास तें विकण्यापूर्वीं त्याची पट्टी वाचून क्रमांक टिपावा. तें कोणत्या सालीं, किती रुपयांस, कर्ज काढून कीं जमीन विकून घेतलें, पहिल्यानें कोणीं चालविलें व त्यामुळें घरचे बैल केव्हां गेले, हें वडील माणसांस विचारून लिहून ठेवावें. लोखंड कदाचित्‌ राहील, कदाचित्‌ राहणार नाहीं. पण ज्यांनीं बैलांची जोडी सोडून प्रथम त्या आसनावर पाय ठेविला, ते सांगणारे फार दिवस राहणार नाहींत.