आवाज कोठे हरवतो? : संगणकावरील क्षीण ध्वनिमुद्रणाचे निदान

२५ मार्च २०२० रोजी आपल्या देशात टेलिमेडिसिनविषयीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली आणि दूरस्थ वैद्यकीय सल्ल्यास निश्चित चौकट लाभली. तेव्हापासून रुग्णाशी पडद्यावरून बोलणे, घरबसल्या व्याख्यान देणे, केसची टिपणे बोलून नोंदविणे या गोष्टी वैद्यकीय व्यवसायात रुळल्या आहेत. सुरतेतील आपल्या समाजात याला आणखी एका इच्छेची जोड आहे. ताप्तीच्या खोऱ्यातून येथे येऊन उधना-लिंबायत परिसरात स्थिरावलेल्या खानदेशी कुटुंबांतील वडीलधाऱ्यांची अहिराणी बोली, त्यांच्या ओव्या, त्यांच्या आठवणी जपून ठेवाव्यात असे अनेकांना वाटते. या सर्व कामांत एक तक्रार हमखास ऐकू येते : “सगळे नीट केले, पण आवाज अगदीच बारीक आला.”

या तक्रारीवर बहुतेक जण एकच उपाय करतात. मुद्रण झाल्यावर आवाज वाढवितात. हा उपाय म्हणजे कारण न शोधता तापावर गोळी देण्यासारखा आहे. वक्त्याच्या ओठांपासून संगणकातील फाईलपर्यंत आवाज काही ठरावीक टप्प्यांतून प्रवास करतो. तो नेमका कोणत्या टप्प्यावर क्षीण झाला हे क्रमाने शोधले, तर उपाय बहुधा सोपा आणि बिनखर्चाचा निघतो.

अंतराचे महत्त्व

१९०२ साली फ्रेड गायसबर्ग यांनी कोलकात्यात भारतीय कलावंतांचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हा मायक्रोफोन वापरात नव्हता. गायकाला कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून मोठ्याने गावे लागे. आवाज कमी-जास्त करण्याचे साधन म्हणजे कर्ण्यापासूनचे अंतर आणि गळ्यातील जोर. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि ही सक्ती संपली. पुढे १९६२ साली जेम्स वेस्ट व गेरहार्ड सेस्लर यांनी बेल प्रयोगशाळेत इलेक्ट्रेट मायक्रोफोन विकसित केला. संगणकाच्या साध्या हेडफोनवरील माईक सहसा याच जातीचा असतो.

साधने बदलली तरी अंतराचा नियम तोच आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीचा दाब निम्मा होतो, म्हणजेच पातळी ६ डेसिबलने घटते. माईक तोंडापासून ६० सेंटिमीटरवरून १५ सेंटिमीटरवर आणला तर आवाज १२ डेसिबलने वाढतो. खोलीतील पंख्याची घरघर व रस्त्यावरचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. कोणत्याही बटनाने हा दुहेरी लाभ मिळत नाही. म्हणून पहिला उपाय माईक जवळ आणण्याचा. श्वासाचा झोत थेट त्यावर आदळू नये यासाठी तो ओठांच्या किंचित बाजूला ठेवावा. काही माईक एकाच दिशेचा आवाज घेतात. काहींमध्ये ती दिशा टोकाची नसून बाजूची असते. चुकीच्या बाजूने बोलल्यास चांगला माईकही मंद वाटतो.

प्रथम निदान, मग उपचार

सर्वप्रथम हे ठरवावे की मुद्रण क्षीण आहे की केवळ ऐकू येणे क्षीण आहे. त्याच संगणकावर नीट मुद्रित झालेली एखादी जुनी फाईल वाजवून पाहावी. तीही बारीक ऐकू आली तर दोष स्पीकरच्या बाजूचा असून माईक निर्दोष आहे.

नंतर मुद्रणाचा आलेख पाहावा. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत तो सहज दिसतो. रेषा संपूर्ण सपाट असेल तर माईक बंद आहे, जोडलेला नाही किंवा त्या प्रणालीला माईक वापरण्याची परवानगी दिलेली नाही. लाटा आहेत पण अगदी ठेंगण्या आहेत, तर पुढील कारणे तपासावीत.

सर्वांत आधी संगणक कोणता माईक वापरीत आहे हे पाहावे. हेडफोन कानाला लावलेला असतो, पण संगणक स्वतःच्या अंगच्या माईकमधून ऐकत असतो, असे पुष्कळदा घडते. मुद्रण चालू ठेवून हेडफोनच्या माईकवर नखाने हलकेच टिचकी मारावी. आलेखात ठसठशीत उसळी दिसली नाही, तर आवाज दुसऱ्याच माईकमधून येत आहे. लॅपटॉपच्या अंगच्या माईकचे छिद्र टाचणीएवढे असते. धूळ, चिकटपट्टी किंवा कळफलकावरील प्लास्टिक आच्छादन यांनी ते झाकले जाते. ते मऊ कुंचल्याने साफ करावे. आत सुई घालू नये, कारण त्याने नाजूक पडदा फाटतो.

पिन आणि माईकची जात

जुन्या पद्धतीच्या टेबलावरील संगणकावर गुलाबी छिद्र माईकचे, हिरवे स्पीकरचे आणि निळे बाहेरील यंत्राच्या जोडणीचे असते. निळ्या छिद्रात माईकची पिन घातली तर आवाज जेमतेम येतो, कारण ते छिद्र कित्येक पटींनी प्रबळ विद्युत संकेताची अपेक्षा करते. मोबाईलच्या हेडफोनची पिन चार भागांची असते, तर गुलाबी छिद्राला तीन भागांची पिन लागते. ही जोडणी नीट जुळत नाही. त्यासाठी माईक व स्पीकर वेगळे करणारा छोटा जोड बाजारात मिळतो.

सभागृहातील व्यासपीठावरचा माईक संगणकाला लावण्याचा मोह अनेकांना होतो. तो बहुधा डायनॅमिक प्रकारचा असतो व त्याचा संकेत एखाद-दोन मिलिव्होल्टइतकाच असतो. स्टुडिओतील कंडेन्सर माईकला तर ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. अशा माईकसाठी संगणकाला यूएसबीने जोडले जाणारे ऑडिओ इंटरफेस घ्यावे. केवळ पिन बदलणारी वायर वापरल्यास एक विचित्र दोष संभवतो : डाव्या व उजव्या वाहिनीत एकच संकेत परस्परविरुद्ध दिशेने मुद्रित होतो. हेडफोनवर तो बरा वाटतो, परंतु मोबाईलच्या एका स्पीकरवर दोन्ही वाहिन्या एकत्र येताच आवाज जवळजवळ नाहीसा होतो. अशा वेळी एकच वाहिनी ठेवून दुसरी काढून टाकावी.

संगणकातील पातळी

विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘साउंड’ या क्रमाने गेल्यावर माईकची पातळी दिसते. तेथूनच ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ उघडून ‘रेकॉर्डिंग’ विभागातील माईकच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘लेव्हल्स’ पाहावे. काही संगणकांवर तेथे ‘मायक्रोफोन बूस्ट’ हा वेगळा सरकदांडा असतो व तो १०, २० किंवा ३० डेसिबल वर्धन देतो. मुख्य पातळी शंभरावर असूनही आवाज मंद असेल तर बूस्ट एक-एक पायरी वाढवावा. एकदम ३० वर नेल्यास घरघरही तितकीच वाढते.

डिजिटल मुद्रणात शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा आहे. बोलण्याची शिखरे उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहतील अशी पातळी ठेवावी. मर्यादेवर आदळलेला आवाज फाटतो आणि तो पूर्ववत करता येत नाही.

झूमसारख्या प्रणाली माईकची पातळी स्वतःच कमी-जास्त करतात. कोणी जोरात खोकले की त्या पातळी खाली आणतात आणि पुढील वाक्ये बारीक येतात. शिवाय त्यातील गोंगाटनिवारणाची योजना सतत चालणारा एकसुरी आवाज गोंगाट समजून कापते. तानपुऱ्याचा सूर याच कारणाने नाहीसा होतो आणि माईकशी धरलेल्या स्टेथोस्कोपमधील हृदयध्वनीही विश्वसनीय राहत नाहीत. गरजेनुसार या दोन्ही सोयी बंद करून पाहाव्यात.

नंतर आवाज वाढविणे पुरेसे का नाही?

वर्धन करताना संगणक बोलणे आणि गोंगाट यांत भेद करीत नाही. २० डेसिबल वाढ दिली की पंखाही २० डेसिबलने वाढतो. दोहोंतील फरक आहे तेवढाच राहतो आणि शब्द कळणे याच फरकावर अवलंबून असते. १६ बिटच्या मुद्रणाची व्याप्ती सुमारे ९६ डेसिबल असून दर ६ डेसिबलला एक बिट खर्ची पडतो. ज्या आवाजाची शिखरे उणे ४८ वर आहेत, तो १६ पैकी केवळ ८ बिट वापरतो. म्हणून मुद्रणानंतरचे वर्धन हा शेवटचा उपाय मानावा.

माईक निर्दोष असेल तर?

येथे वैद्यकीय वाचकांचे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. त्याच माईकसमोर, त्याच अंतरावर, त्याच पातळीवर घरातील दुसऱ्या व्यक्तीला बोलावयास सांगावे. तिचा आवाज व्यवस्थित आला आणि आजोबांचा क्षीण आला, तर दोष यंत्रात शोधण्यात अर्थ नाही. पार्किन्सन विकारात आवाज हळूहळू बारीक व एकसुरी होत जातो. रुग्णाला स्वतःला तो नेहमीसारखाच वाटतो, उलट घरच्यांनाच कमी ऐकू येते अशी त्याची समजूत असते. स्वररज्जूचा पक्षाघात, वार्धक्यातील स्वररज्जूंची क्षीणता, श्वासाचे अपुरे बळ हीदेखील कारणे असू शकतात. आवाजातील असा नवा बदल कुटुंबीयांच्या ध्यानात आल्यास माईक बदलण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे.

पार्किन्सनमधील क्षीण आवाजासाठी मोठ्याने बोलण्याचा पद्धतशीर सराव देणारी वाणीउपचार पद्धती उपलब्ध आहे. अशा रुग्णाची प्रगती मुद्रणावरून पाहावयाची असल्यास अंतर ३० सेंटिमीटर असे कायम ठेवावे, पातळी नोंदवून ठेवावी आणि स्वयंचलित समायोजन अवश्य बंद करावे. अन्यथा यंत्रच क्षीण आवाज भरून काढील आणि आपल्याला तो सुधारल्याचा भास होईल. मुद्रणापूर्वी रुग्णाची संमती घ्यावी, हे वेगळे सांगावयास नको.

काही व्यवहार्य सूचना

वडीलधाऱ्यांचे बोलणे मुद्रित करताना खिडकी लावावी, शक्य असल्यास तेवढा वेळ पंखा बंद ठेवावा. गादी, पडदे असलेली खोली निवडावी, म्हणजे प्रतिध्वनी कमी होतो. कॉलर-माईक असल्यास तो छातीपाशी लावावा. प्रारंभी अर्ध्या मिनिटाचे मुद्रण करून ते हेडफोनवर ऐकावे आणि समाधान झाल्यावरच पुढे जावे. सुरुवातीला व्यक्तीचे नाव, गाव व तारीख उच्चारून घ्यावी. मूळ फाईल ‘वेव्ह’ स्वरूपात राखून ठेवावी, आवाज वाढविणे वगैरे प्रयोग तिच्या प्रतीवर करावेत आणि दोन वेगळ्या ठिकाणी साठा ठेवावा.

ऐंशी वर्षांच्या आजींना तीच ओवी पुन्हा म्हणावयास सांगता येईलच असे नाही. सुरुवातीची ती अर्ध्या मिनिटाची चाचणी म्हणूनच कधी टाळू नये.